तेरा फेऱ्यांच्या जागी बारा

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ होतं, पण चुलीवर तवा कधी ठेवायचा हे माय घड्याळाकडे बघून ठरवत नसे. बाबांची गाडी विहाराच्या वळणावर आली की ते तिसऱ्या गिअरातून दुसऱ्यात घालायचे. इंजिन एकदा मोठ्यानं हुंकारायचं, मग आवाज बारीक व्हायचा, आणि माय बसल्या जागेवरून म्हणायची, "आली वं तुह्या बापाची थोरली." थोरली म्हणजे ट्रक. धाकटी मी. वळणापासून दारापर्यंत गाडी यायला, मैदानात मागे घ्यायला, बाबांनी हातपाय धुवायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात पहिली भाकर टम्म फुगलेली असायची. ताटात वांग्याची भाजी, जवसाची चटणी, वरण, आणि वरणावर पिळायला अर्धं लिंबू. लिंबाशिवाय बाबांना वरण गोड लागत नसे. उरलेलं अर्धं मामा पळवायचा आणि माय त्याच्या अंगावर ओरडायची.

मामा म्हणजे शामराव, मायचा धाकटा भाऊ. तिशी उलटून गेलेला, बिनलग्नाचा. तो आमच्या बाहेरच्या खोलीत राहायचा आणि बाबांच्या गाडीवर त्यांचा जोडीदार होता. क्लीनर म्हटलेलं त्याला खपायचं नाही. "मी क्लीनर नाई बे, मी मॅनेजर हाय," असं तो पोलिसालाही सांगायचा. काम मात्र सगळं करायचा. जाताना गाडीत नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या गाठी असत, छिंदवाड्याच्या बाजूला पोचवायच्या. येताना तिकडच्या खाणीतला कोळसा भरून कळमेश्वरच्या कारखान्यात टाकायचा. म्हणजे प्रत्येक खेपेला कोळशानं काळा झालेला हौदा धुवून पुसून कापडाच्या लायकीचा करायचा, आणि तो धुवायचा मामानं, आमच्या दारासमोर. काळं पाणी वाहत न्हाणीपर्यंत यायचं. "शाम्या, मेल्या, माह्या अंगणाची खाण करून टाकली तू!" माय म्हणायची. मामा खराटा बंदुकीसारखा खांद्याला लावून तिला सलाम ठोकायचा. हे लिहिताना मला हसू येतंय, आणि मग आपण का हसलो म्हणून स्वतःचाच राग येतोय. म्हातारपणी हे असंच चालतं माझं.

मी तेव्हा सदर भागातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या आळीतून कॉलेजात जाणारी पहिली मुलगी. गणितात मार्क बरे पडत, त्यामुळे मामा मला "इंजनेर" म्हणायचा. बाबा काही म्हणायचे नाहीत, पण कोणी घरी आलं की माझी वही सहज म्हणून उघडून त्याच्या पुढ्यात ठेवायचे. ते स्वतः चौथीपर्यंत शिकलेले. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले देव, नवस, अंगारे-धुपारे सगळं सोडलं होतं, आणि त्या जागी काय ठेवायचं तर शिक्षण, हे बाबांच्या डोक्यात अगदी पक्कं होतं. आमच्या गाडीच्या कपाळावर निळ्या रंगात धम्मचक्र होतं. इतर गाड्यांच्या बंपरला लिंबू-मिरच्या लोंबायच्या, आमच्या बंपरला काही नाही. ट्रकच्या अड्ड्यावर लोक टोकायचे. बाबा म्हणायचे, "लिंबू खायची वस्तू हाय गा. बंपरले नाई, वरनाले लागते."

तर झालं असं, की कळमेश्वरच्या कारखान्यात कोळसा जास्त लागायला लागला आणि तिथल्या माणसानं सांगितलं, ज्याची गाडी जास्त माल उचलेल त्यालाच यापुढे काम. आमच्या गाडीला जुन्या मापाचे लहान टायर होते. बरोबरीच्या सगळ्यांनी मोठे चढवले होते. बाबांनी आठ दिवस विचार केला, दोन रात्री मामाशी कुजबुजले, आणि एका रविवारी सकाळी आम्ही सगळे कादरचाचांच्या गॅरेजमध्ये होतो. कादरचाचा म्हणजे बाबांचे जुने मिस्त्री, बुटके, तोंडात कायम पान. सहा नवे काळे टायर भिंतीला टेकून उभे होते, माझ्या छातीपर्यंत येतील एवढे. त्या नव्या रबराचा वास मला फार आवडला होता. आता रस्त्यावर टायरच्या दुकानासमोरून जाते तेव्हा पदर नाकाला लावते.

चाचांनी टायर चढवायच्या आधीच सांगून टाकलं, "देखो भाऊ, चक्का बदला तो दात बदलना पडता. क्राउन-पिनियन दुसरा डालो." ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्या पोटात दोन दातेरी चाकं असतात. लहान ते पिनियन, मोठं ते क्राउन. इंजिनाचं फिरणं तिथून चाकाला मिळतं. चाक मोठं झालं तर एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे इंजिनाला जास्त ओढावं लागतं. म्हणून त्या दातांचं प्रमाणही बदलायचं, असं चाचांचं म्हणणं. पण तसा क्राउन नागपुरात मिळत नव्हता. बाहेरून मागवायचा तर महिनाभर गाडी उभी, आणि महिनाभर उभ्या गाडीसाठी कळमेश्वरचा माणूस थांबणार नव्हता. चाचा म्हणत होते थांबा. मामा म्हणत होता, "चाचा, दुनिया चालून राहिली बिना क्राउन बदलल्याची." बाबा एकदा याच्याकडे बघत, एकदा त्याच्याकडे. आणि मग माझ्याकडे.

"कुंदे, तू सांग. लागते का नाई लागत?"

गॅरेजमधले चार-सहा लोक हातातलं काम टाकून बघायला लागले. एवढ्या पुरुषांनी माझ्या उत्तराची वाट पाहिल्याची ती माझ्या आयुष्यातली पहिली वेळ. मी सुतळी मागितली. जुन्या चाकाभोवती गुंडाळून मापली, बरोबर दहा फूट भरली. नव्याभोवती गुंडाळली, दहा फूट दहा इंच. खडूनं जमिनीवर मांडलं. जुनं चाक तेरा वेळा फिरेल तिथं नवं बारा वेळा फिरणार. ओढ तेराव्या हिश्शानं कमी पडणार. मग मी घाटाचा विचार केला, कारण त्या वाटेवर एकच मोठा घाट. चढताना गाडीत काय? कापडाच्या गाठी. कोळशाच्या मानानं कापूस तो! एवढीशी ओढ कमी पडली तरी गाडी हसत चढेल. आणि सपाटीवर तर फायदाच. "बाबा, इंजिनाच्या ज्या आवाजावर तुमी चाळीसनं जाता ना, त्याच आवाजावर आता त्रेचाळीसनं जान. डिझेल तेवढंच!" मी हे ओरडूनच सांगितलं असेन.

बाबांच्या गाडीतला वेग दाखवणारा काटा माझ्या जन्माच्या आधीच मेलेला होता. ते कानानं गाडी चालवायचे. हे मला माहीत होतं. मीच तर ते माझ्या तोंडानं बोलले, त्याच आवाजावर जास्त वेग. सगळं माझ्यासमोर जमिनीवर खडूनं लिहिलेलं होतं.

कादरचाचा खाली बसून ते आकडे बघत होते. त्यांना ते वाचता येत होते की नाही, कोण जाणे. पान एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन ते म्हणाले, "चढाई तो ठीक है बिटिया. मगर उतार पे?"

मी म्हणाले, "उतारावर काय चाचा? उतारावर तर गाडी आपोआपच येते!"

काय हशा पिकला! मामा तर टायरवर हात आपटून आपटून हसला. "घ्या! आता तुमी पान खा चाचा, इंजनेरनं सांगून टाकलं!" चाचाही हसले, मान हलवली, आणि पाना घेऊन गाडीखाली गेले. तेवढी एक गोष्ट मी त्यांच्याबद्दल मनात धरून आहे. त्यांनी भांडायला हवं होतं. एका अठरा वर्षांच्या पोट्टीनं ठेंगा दाखवला म्हणून असा माणूस गप्प बसतो का? बसतो. माझ्या हातात खडू होता आणि ते चौथीही शिकलेले नव्हते. कोळसा भरून गाडी उतरते ती याच घाटातून, हे त्या दिवशी तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं, मलाही होतं, आणि मी फक्त चढाचा हिशेब मांडला होता.

बारा वाजता माय डबा घेऊन आली. टायर चढले होते. गाडी दोन बोटं उंच दिसत होती, जणू नव्या वहाणा घालून उभी. जेवण झाल्यावर बाबा गाडी हलवायला चढले तेव्हा मायनं पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि त्यातून एक लिंबू काढलं. नवी चाकं पहिल्यांदा फिरायच्या आधी खाली लिंबू ठेवायचं, ते चिरडून गाडी पुढे न्यायची, हा अड्ड्यावरचा नेम होता. तिनं घरून निघतानाच ते बांधून आणलं होतं, आम्हाला कोणाला न सांगता. ती पुढच्या चाकाजवळ वाकली.

बाबांनी वरून पाहिलं. रागावले नाहीत. "उचल थे लिंबू," एवढंच म्हणाले.

"अवो, एका लिंबानं काय होते? सगळे ठेवतेत."

"ठेवू दे सगळ्याईले. आपल्या गाडीले लिंबू नाई लागत, गनित लागते. पोट्टी शिकवली कायले मंग?"

मायनं लिंबू उचललं, पदराला पुसलं आणि पुन्हा गाठ मारली. त्या दिवशी मला कोण अभिमान वाटला! संध्याकाळी तेच लिंबू तिनं कापून आमच्या वरणावर पिळलं, चौघांच्या ताटात. मामानं दोनदा मागितलं.

पहिल्या खेपेवरून गाडी परत आली तेव्हा मायला आवाज कळला नाही. वळणावर इंजिन पूर्वीसारखं हुंकारलंच नाही, जाड आवाजात कुरकुरत आलं. बाबा दारात उभे आणि तवा अजून खाली. "मायबाई! मले वाटलं दुसऱ्या कोनाची गाडी हाय," ती म्हणाली. सगळे हसले. पण महिनाभर ती प्रत्येक खेपेला चुकत राहिली. एखाद्या दिवशी चिडून म्हणायची, "थोरलीचा गळा बसवून आनला तुमी." मी तिला समजावलं, चाक मोठं झालं की इंजिन सावकाश फिरतं, म्हणून. तिनं ऐकून घेतलं.

चार-पाच खेपा नीट झाल्या. त्यानंतरच्या खेपेला, दुपारच्या उन्हात, भरलेल्या गाडीनं बाबा घाटाच्या तोंडाशी आले. नेहमीप्रमाणे तिसऱ्यात उतरायला लागले, नेहमीच्या आवाजावर. उतारावर गिअरातलं इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं, आणि मोठ्या चाकांमुळे त्याच आवाजावर वेग वाढला होता आणि ती पकड ढिली पडली होती. दुसऱ्या वळणाच्या आत गाडी हाताबाहेर गेली. ब्रेक तापून निकामी झाले. दुसऱ्यात घालायला गेले तर गिअर बसेना. ना तिसरा, ना दुसरा. गाडी डोंगराला घासली आणि कलंडली. मामा कोळशाखाली गेला. बाबा वाचले, पण कमरेखालचं शरीर गेलं.

हे एवढं तपशिलात मी आज लिहू शकते. तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, कारण बाबांनी शुद्धीवर आल्यावर पोलिसांना सांगितलं, कळमेश्वरच्या माणसाला सांगितलं, विहारातल्या लोकांना सांगितलं आणि मायला सांगितलं, की माझा डोळा लागला. बस. डोळा लागला. दवाखान्यात मी त्यांना एकटं गाठून विचारलं, "बाबा, गाडी उतारावर जास्त पळून राहिली होती का?" ते छताकडे बघत म्हणाले, "मले काय मालूम? मी झोपलो होतो." दिवसाढवळ्या, घाटात, माझा बाप झोपला! जो माणूस तीन रात्री जागून गाडी हाकायचा आणि घरी आल्यावर आंघोळ केल्याशिवाय डोळे मिटायचा नाही. मला तेव्हाच कळलं होतं. पण कळून घ्यायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ते उत्तर घेतलं आणि घरी आले.

माय त्यानंतर अकरा वर्षं बाबांशी बोलली नाही. त्यांचं सगळं केलं तिनं. अंग पुसलं, कुशी बदलल्या, घास भरवले. पण बोलणं माझ्यामार्फत. "तुह्या बापाले विचार, भात पायजे का." बाप तिथंच, हातभर अंतरावर. झोपेत गाडी चालवून भावाला मारलं, हे तिच्या मनातून गेलं नाही, आणि बाबांनी ते जाऊ दिलं नाही. घरात लिंबू येणं बंद झालं. कोणी तसं ठरवलं नव्हतं. भाजीवालीनं टोपली पुढे केली की मायचा हात लिंबांवरून पुढे सरकायचा. बाबा आळणी चेहऱ्यानं वरण गिळायचे. गाडी भंगारात गेली. मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, शाळेत गणित शिकवायला लागले. तीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी प्रश्न नीट वाचा. पोरं म्हणायची, मॅडम याच एका गोष्टीवर एवढ्या काहून भडकतात?

बाबा खाटेवर पडून रस्त्याचे आवाज ऐकायचे. कोण कितव्या गिअरात चाललंय ते ओळखायचे. मोठं चाक असेल तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी ते बघायचे आणि वह्या तपासायचे.

शेवटच्या आठवड्यात त्यांना ताप चढला. दुपारची वेळ, मी शाळेतून लवकर आले होते. माय त्यांच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि मी पायाशी बसले होते. बाबांचे हात हवेत चालायला लागले. डावा हात खाली, मागे, पुढे. गाडी चालवत होते. मग मान डावीकडे वळवून, जिथं मामा बसायचा तिकडे बघून, अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, "नाई बे शाम्या, दुसऱ्यात कायले? राहू दे तिसऱ्यातच. पोट्टीनं गनित केलं हाय."

म्हणजे घाटाच्या तोंडाशी मामा म्हणाला होता, भाऊजी, दुसऱ्यात घ्या. गॅरेजमध्ये तो माझ्यासोबत हसला होता, पण घाटात भीती त्याला वाटली होती. आणि बाबांनी त्याचं ऐकलं नाही, कारण मी सांगितलं होतं.

मायनं पट्टी पिळली, पुन्हा पाण्यात बुडवली, पुन्हा पिळली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. "तापात मानूस काईबी बोलते," ती म्हणाली. मग ती खाली वाकली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या कानाशी बोलली, "अवो. आयकून राहिले का? मी हाय." बाबा तोवर पुन्हा घाटात गेले होते. ते जाईपर्यंतचे चार दिवस ती त्यांच्याशी सतत बोलत होती. त्यांना त्यातलं काही कळलं असं मला वाटत नाही.

बाबा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. आळीतल्या बायका मायभोवती बसल्या होत्या. कोणीतरी जुनं काढलंच. बाई, बिचाऱ्याचा तेव्हा डोळा लागला आणि तुमचा भाऊपन गेला, केवढं नशीब. माय ताठ बसली.

"डोळा नोता लागला त्याईचा," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "दुसऱ्या कोनाचीच चूक नाई. चूक माही. नव्या चाकाखाली ठेवाले लिंबू नेलं होतं मी, अन् तसंच वापस आनलं. ठेवलं असतं तर काई झालं नसतं."

बायकांनी माना डोलावल्या. जिच्या सासऱ्यानं घरातले देव सोडले, जी रोज त्रिसरण म्हणायची, ती माझी माय विहाराच्या माणसांसमोर बसून लिंबाचं सांगत होती. पुढची नऊ वर्षं, मरेपर्यंत, कोणी विषय काढला की ती हेच सांगायची. लोक मागून हसायचे, म्हणायचे, शिकलेल्या पोरीच्या घरात म्हातारी अजून लिंबू धरून बसली आहे. पहिल्या दिवशी ते सांगताना तिनं एकदाच वर पाहिलं होतं, सरळ माझ्याकडे. मी स्वयंपाकघराच्या दारात रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन उभी होते. मी आत गेले आणि कप विसळायला लागले.